चौकड्यांचा शर्ट

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, शिंपी. मी इंग्रजीचा शिक्षक; पण बाजारात "मास्तर!" अशी हाक आली की मान वळायची ती त्यांची. मला ते चिडवायला 'गुरुजी' म्हणत.

त्यांची ख्याती चेक्सच्या शर्टाची. खिशाच्या चौकड्या मागच्या चौकड्यांशी अशा जुळवायचे, की खिसा आहे की नाही तेच कळू नये.

संध्याकाळी कटिंगच्या टेबलावर आमचं बुद्धिबळ चाले. एकदा मी त्यांना शह दिला आणि वर शहाणपणही पाजळलं. इंग्रजीतला 'चेक' म्हणजे आपला शहच! फारसीतला शाह, म्हणजे राजा, मजल दरमजल करत तिकडे गेला नि चेक झाला. शह दिला की राजा अडतो, म्हणून चेक म्हणजे अडवणं, मग तपासणं. पटाच्या घरांवरून चौकड्यांचं कापड. बँकेतला चेकही त्याच गोतावळ्यातला.

"म्हणजे राजा शेवटी माझ्या कात्रीखाली आला म्हणायचा!" भाऊजी म्हणाले.

यंदा मी चेक्सचं कापड नेलं, तर म्हणाले, "प्लेन घ्या हो. या वयात चेक्स शोभत नाहीत."

मला रागच आला. कापड तिथेच टाकून मी दुकानामागच्या त्यांच्या घरात गेलो. ताई हळूच म्हणाली, "अरे, सुईसुद्धा मी ओवून देते. डोळे चेक करून घ्या म्हटलं की अंगावर येतात. गिऱ्हाइकं तुटतील म्हणतात."

मी त्यांना अक्षरशः ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. उरलेलीही फार टिकायची नाही.

"शिवणकाम?" भाऊजींनी विचारलं.

"आता विसरा."

दुकान वाचवायला या माणसाने डोळे घालवले, आणि आता दुकानही गेलं. कुणावर चिडावं तेच मला कळेना.

तरी माझा शर्ट त्यांनी हट्टाने पुरा केला. घालून उभा राहिलो. शिवण सरळ होती, पण खिसा बोटभर घसरला होता. लाल पट्ट्यासमोर निळा आला होता. भाऊजींनी खिशाच्या कडेवरून अंगठा फिरवला. शिवण हाताला लागते, रंग लागत नाही.

"जुळल्या का हो, गुरुजी?"

"जुळल्या की!"

ते ताईच्या दिशेने वळले. "तू सांग."

ताईने तोंडात पदर कोंबला. ते त्यांना दिसलं नाही, पण हुंदका ऐकू गेला.

"काढा तो शर्ट. उसवून परत लावतो," असं म्हणत ते टेबलावर कात्री चाचपू लागले.