दसऱ्याचं कुंकू आणि नॉझलचा जोड

मुरबाडच्या आमच्या कारखान्यातलं भंगार ट्रक भरला की उचललं जातं. किस्से मात्र कोणी उचलत नाही, ते साठतच जातात. आम्ही प्रेशरच्या टाक्या बनवतो. बाळूदादा जोड वेल्ड करतो, मी ते तपासते आणि मॅनेजर साहेब आमच्यावर लक्ष ठेवतात. लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, जिथे सावली तिथे!

* * *

पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "मॅडम, टाकीत उतरणं तुम्हाला जमायचं नाही. ऑफिसात बसा." मी बॅटरी घेतली आणि मॅनहोलमधून थेट आत. आतून ओरडले, "साहेब, इथे जोडाला खड्डा आहे. या ना बघायला!"

साहेबांनी मॅनहोलकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "असू दे, असू दे. विश्वास आहे तुमच्यावर!"

* * *

बाळूदादा सिद्धगडाच्या पायथ्याचा. एकदा एक्स-रेच्या फिल्मवर त्याच्या जोडात बारीक काळे ठिपके दिसले. मी जोड नापास केला.

"ताई, माझ्या आयशीनं पण माझ्यात एवढी खोट नाय काढली!"

त्याने रागातच मास्क चढवला. मग ग्राइंडरने जोड खरवडून पुन्हा केला, फिल्म साफ आली, आणि व्हॉट्सॲपच्या डीपीला बायकोऐवजी ती फिल्म! बायको अजून माझ्यावर चिडून आहे.

* * *

तडा शोधायला आम्ही जोडावर लाल डाय मारतो, पुसतो आणि वरून पांढरा स्प्रे देतो. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. दसऱ्यानंतर एका टाकीवर इतकं लाल उमटलं की मी थेट बाळूदादाला हाक मारली.

बाळूदादा ओशाळला. "ताई, पूजेला आमी हिला पण कुंकू लावलं. मशीनला लावतो, मग हिला का नाय?"

साहेबांना तेवढंच हवं होतं. तेव्हापासून कुठेही लाल रेघ दिसली की, "कुंकू असेल हो!" होळी उलटली तरी कुंकूच!

* * *

त्याच उन्हाळ्यात एका टाकीच्या नॉझलच्या, म्हणजे पाइप लावायच्या तोंडाच्या, जोडावर बोटभर लाल रेघ आली. गेटवर ट्रेलर उभा. साहेब म्हणाले, "कुंकू असेल." मी जोड स्वच्छ पुसला, पुन्हा डाय मारला. रेघ तिथेच.

"पाण्याची टेस्ट घेऊ, गाडी सोडू. तुम्ही सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

संताप झाला माझा. नोकरी मला हवीच होती, घरात कमावणारी मी एकटी. पण ती टाकी जिथे जाईल तिथे तिच्याशेजारी माणसं काम करणार होती. आणि मी भातसानगरच्या धरण कॉलनीत वाढलेली. पाण्याचा जोर मला कोणी शिकवू नये!

या टेस्टला टाकीत पाणी भरून पंपाने प्रेशर चढवतात. त्या वेळी कच्चा जोड फाटू शकतो, म्हणून दोरी बांधून सगळ्यांना लांब करतात. साहेबांची खुर्ची तर पार गेटजवळ असते. मी ती उचलली आणि आणून नॉझलच्या जोडाशेजारी ठेवली.

"सही करते, साहेब. फक्त प्रेशर चढेपर्यंत तुम्ही इथे बसा. कुंकूच आहे ना?"

बाळूदादाने पंपाला हात घातला. साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, मग जोडाकडे.

"बाळू, पंप सोड. ग्राइंडर आण!"