आधी पाया पडणं, मग धक्का

गोदा, माझी बायको, गेली त्याला महिना होत आला. माहेरी सुलतानपूरला गेली होती, तिथंच तापानं घात केला. मेव्हणे दारात येऊन नुसते उभे राहिले... त्यांना काही सांगावंच लागलं नाही.

मी मूळचाच भित्रा. डोणगावच्या शाळेत मास्तर होतो. पोरं मला टरकत, पण मी वाटेतल्या बैलालाही वळसा घालून जाई. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शेगावहून परतताना बैल बुजले, दमणी कलंडली आणि माझं मांडीचं हाड मोडलं. ते बसवलं रसूलचाचांनी. तरुणपणी ते कुस्त्या खेळत, म्हातारपणी आसपासच्या गावांत हाडं बसवत. पायाला बांधलेल्या फळ्या सोडल्या तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, हाड जुळलं. पन पुन्हा पडले तं जुळन याचा भरोसा नाही." झालं! मी भिंत सोडायला तयार होईना.

चाचांची रीत वेगळीच होती. परसात राख पसरायची, मी तिच्यावरून चालायचं आणि मागून कुणीतरी अवचित हलका धक्का द्यायचा. सावरायला पाय जितका लांब पडेल, ते अंतर राखेतल्या ठशावरून वितीनं मोजायचं. ते कमी होत गेलं की तोल परत येतोय असं समजायचं. "बेटी, हे काम तुझं," चाचा गोदाला म्हणाले. ती पांढरीफटक पडली. चुकून पाय लागला तरी मला नमस्कार करणारी बाई ती, तिनं नवऱ्याला ढकलायचं! माझी आई त्या दिवशी रागानं जेवली नाही. गोदानं मात्र पदर खोचला.

माप भराभर कमी होऊ लागलं. आम्ही खूश. मग एकदा चाचा स्वतः बघायला आले. गोदा नेहमीप्रमाणे वाकली, माझ्या पाया पडली, मागं गेली आणि तिनं धक्का दिला. चाचांनी कपाळावर हात मारला. "तू आधी पाया पडतं, अन् गुरुजी सावध होऊन जाते. बैल का पाया पडून ढुसणी देते? हे माप काही खरं नाही."

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही अंगावर काटा येतो. धक्का कधीही येणार होता. माझी पाठ सदा आखडलेली. तिची दशा तर माझ्याहून वाईट. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमाले काही झालं तं मी काय करू?"

एका सकाळी नागपूरहून येणाऱ्या इन्स्पेक्टरबद्दल बडबडत मी राखेवरून चालत होतो आणि पाठीवर हात आदळला. डोळ्यांपुढे अंधारी आली. गेलं हाड, असंच वाटलं... पण पाय आपसूक पुढं पडला आणि टिकला. वळून पाहिलं, तर गोदा डोळे गच्च मिटून उभी.

"पडले का हो तुमी?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही पडलो, गोदा."

तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले आणि त्या राखेतच बसकण मारली. वीत लावायची दोघांनाही आठवण राहिली नाही.

आता घरात मी एकटाच. परसात गेलो की पाठ अजून आवळून येते, मागची चाहूल घेत उभा राहतो. कुणी नसतं. फार भीती वाटते. मग मोठ्यानं सांगतो, "नाही पडलो, गोदा."