वास न येणारं पाणी

सकाळ-संध्याकाळ नळ आला की भरण्याआधी ओंजळ नाकाशी न्यायची, ही आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांची सवय. पाणी नदीचं. ब्लीचिंगचा वास आला म्हणजे औषध पडलंय, भरायला हरकत नाही, असा आमचा हिशेब.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ह्यांना कावीळ झाली. उतरली, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, भरपूर पाणी प्या आणि स्वच्छच प्या. हे पीतच नव्हते. उकळलेलं सपक लागायचं, नळाच्याला दवाखान्याचा वास यायचा. अंग सुकत चाललेलं.

अशात एक दिवस ओंजळीला वासच आला नाही. ह्यांनी तांब्याभर पाणी संपवलं. मी मात्र ओंजळ पुन्हा हुंगून पाहिली. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप कळशीत पाणी शुद्ध करायच्या औषधाचे थेंब टाकले. ह्यांनी घोट घेतला नि तांब्या खाली ठेवला. "हे नको. कालचं दे."

शेजारच्या आक्का म्हणाल्या, "वास न्हाय म्हंजे औषधच न्हाय. चल, इचारूया." नळाचं पाणी बाटलीत भरून आम्ही दोघी नदीकडच्या शुद्धीकरण केंद्रात गेलो.

तिथल्या इंजिनिअर बाई हसल्या नाहीत, हे मला बरं वाटलं. त्यांनी एका बंद टाकीची काच दाखवली. आत बुडबुडेच बुडबुडे.

"या आठवड्यापासून नदीचं पाणी आलं की आधी त्यात ओझोन वायू सोडतो, आक्का. त्यानं वास आणि रंग जातो, बरेच जंतू मरतात. मग गाळ बसवून, वाळूतून गाळून घेतो. ओझोन टिकत नाही, विरून जातो. म्हणून शेवटी क्लोरीन घालतोच, पण आता कमी पुरतं."

"म्हंजे औषध हाय, पर कळत न्हाय," आक्का म्हणाल्या. "आमच्या मालकांच्या मायेगत!"

आता मात्र बाई हसल्या. त्यांनी आमच्या बाटलीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात एक गोळी टाकली. पाणी फिकट गुलाबी झालं. "हे क्लोरीन. तुमच्या नळापर्यंत पोचलंय."

घरी येऊन मी कळशीतलं सगळं पाणी जास्वंदीला ओतलं. संध्याकाळी नळ आला तेव्हा नुसतं भरलं, थेंब टाकले नाहीत. ह्यांनी तांब्या तोंडाला लावला. मी दारात उभी.

"हां, हे कालचं," ते म्हणाले, आणि रिकामा तांब्या परत पुढं केला.