पहिले दहा ग्राहक

आईचे गुडघे गेले तेव्हा तिचं शिवण बंद पडायला आलं होतं. पायानं चालवायचं मशीन, त्यावर तिनं गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे ड्रेस शिवले. डॉक्टर म्हणाले, पायडल बंद. बंद म्हणजे काय? शिवण हे तिचं एकटीचं होतं, बाकी सगळं घराचं.

त्याच आठवड्यात पेपरातून एक पत्रक आलं. नंदुरबारचं दुकान. ‘जुनं मशीन आणा, मोटरचं नवं मशीन अर्ध्या किमतीत न्या. रविवारी सकाळी येणारे पहिले दहा ग्राहक.’ आईनं ते घडी करून पोलक्यात ठेवलं, ते रविवारपर्यंत.

आईचं माहेर सारंगखेड्याचं. आजोबा घोड्यांच्या बाजारात उभे राहणारे. तिथं रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. विकणाऱ्यानं भाव सांगितला आणि घेणारा ‘मंजूर’ म्हणाला की संपलं. मग कुणी दुप्पट देऊ केले तरी घोडं त्याचंच. मागे फिरणाऱ्याला पुढच्या वर्षी कुणी जवळ उभं करत नसे. आई यावर वाढलेली.

रविवारी आम्ही पहिल्या एस.टी.नं गेलो. मशीनचं लोखंडी डोकं पोत्यात बांधून मी मांडीवर घेतलेलं. शटर उघडायच्या आधी दारात आम्ही दोघीच. काचेच्या आत मोटरचं मशीन दिसत होतं. दुकानदार आला, तशी आईनं पत्रक काउंटरवर ठेवलं, त्यावर बोट टेकवलं आणि म्हणाली, “भाऊ, तुम्हीन लिखं. माले मंजूर शे. द्या मशीन.”

तो हसला. “मावशी, स्कीमचा माल आलाच नाही. हे पूर्ण किमतीचं आहे. पत्रक तर लोकांनी यावं म्हणून असतं.”

“लिखेल शे ना पन!” आईचा आवाज चढला. “आनि मी पहिली शे.”

आता खरं तर मी त्याच्यावर तुटून पडायचं. पण मी नुकतीच लॉच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन आलेली, दीड शहाणी! उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, “आई, कायद्यानं जाहिरात म्हणजे प्रस्ताव नसतो. ते नुसतं आमंत्रण असतं. प्रस्ताव तू मांडते आहेस. त्यांना नाही म्हणायचा हक्क आहे.”

दुकानदार इतका खूश झाला की त्यानं मला खुर्ची दिली. “बघा मावशी, पोरगी शिकलेली आहे!” आईनं माझ्याकडे पाहिलं, पत्रक उचललं आणि बाहेर पडली. पोतं मी उचललं. परतीच्या गाडीत ती खिडकीतून कापसाची शेतं बघत राहिली. त्या वर्षीचे शाळेचे ड्रेस गावानं शहाद्याहून तयार आणले.

पुढच्या वर्षी वर्गात सरांनी उरलेलं अर्धं शिकवलं. जाहिरातीत वस्तू, किंमत आणि पहिले किती जण, सगळं नक्की सांगितलेलं असेल, दुकानदारानं काहीच मोकळं ठेवलेलं नसेल, तर तो प्रस्ताव ठरू शकतो. अट पुरी करणारा आला की करार. शिवाय गिऱ्हाईक ओढायला खोटी स्कीम लावणं ग्राहक कायद्यालाही चालत नाही. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत जाहिरातीवरच्या प्रश्नाला मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क पडले होते, हो! घरचं खाऊन मी त्या माणसाच्या भाकऱ्या भाजल्या होत्या.

सुट्टीत घरी गेले आणि आईला सगळं सांगितलं. तुझंच बरोबर होतं, तो देणं लागत होता, माझं शिक्षण अर्धवट होतं. ती वाल सोलत होती. मशीनवर चादर घालून त्यावर धान्याचे डबे मांडलेले. मला वाटलं, आता तरी तिचं मन मोकळं होईल.

“कायदा ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “त्या दिन तू कोना बाजूनं बोलनी, तेवढं सांग.”

मी आज कोर्टात उभी राहते. अजून सांगता आलेलं नाही.