ग्वादिक्सच्या गुहेतल्या पायऱ्या

मी सावेडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की स्टाफरूममधून उठून जाणारी मीच... त्यामुळे आज हे लिहायला बसावं लागतंय, याचाच वैताग आलाय. पण घरात कुणी नीट ऐकूनच घेत नाही!

मागच्या मे महिन्यात आम्ही स्पेनला गेलो होतो. लेक ग्रानाडाला शिकते. तिने हौसेने जवळच्या ग्वादिक्स गावात गुहेतलं घर बुक केलं. तिथे मातीच्या टेकड्या पोखरून लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात — आत लाइट, फ्रीज सगळं. टेकडीवर नुसती पांढरी धुराडी दिसतात. सोबत सासूबाई होत्या. नेवाशाकडच्या, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. आमच्या केडगावच्या घराच्या दोन पायऱ्यासुद्धा त्या कुणाला तरी धरून चढतात.

गुहेत एकामागे एक तीन खोल्या. दार एकच. दुपारी जेवून आई सगळ्यात आतल्या खोलीत आडव्या झाल्या. हे आणि लेक किराणा आणायला गेले. मी उंबऱ्यातच पुस्तक घेऊन बसले. मला ओलांडल्याशिवाय मांजरही बाहेर गेलं नसतं.

तासाभराने चहा घेऊन आत गेले, तर पलंग रिकामा. चपला खाली, काठी उशाशी. बाथरूम पाहिलं, कपाट उघडलं, पलंगाखाली वाकले... कुठेच नाहीत. हे दोघे परतले, घरमालकीण धावत आली. तिने भिंती ठोकून दाखवल्या — मागे नुसती टेकडी आहे म्हणाली.

तेवढ्यात वरून शेजाऱ्याने हाक मारली. आई आमच्याच धुराड्याला टेकून बसल्या होत्या, अनवाणी. वर जायची वाट आमच्या दारासमोरूनच, तीही चांगली चढाची. तळव्यांना टेकडीची माती नव्हती, पांढरा चुना होता. घरात चुना फक्त भिंतींना, खाली फरशी! त्यांना खाली आणायला दोघांनी मिळून उचलावं लागलं.

कशा गेलात, विचारलं तर माझ्यावरच करवादल्या.

"आतून पायऱ्या हायेत की. बेताच्या हुत्या, चढले."

लेकीने टॉर्च घेऊन पुन्हा सगळी खोली पाहिली. पायरी सोडा, भिंतीला फटसुद्धा नव्हती.

ह्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला — तुला डुलकी लागली असणार. वर्ष झालं, प्रत्येक पाहुण्याला हेच हसत सांगतात. मी झोपले नव्हते. शंभरदा सांगून झालं. पायऱ्यांचं मला आजही काही कळलेलं नाही, पण मी जागी होते हे तरी कुणी मानावं!

परवा नणंद आली, तेव्हा पुन्हा तेच पुराण. मी भांडी आवरायला उठले, तशा आई कॉटवरून म्हणाल्या, "तिला कशाला बोलतो? वरून दिसत हुती मला, दारातच बसलेली. दोन हाका मारल्या. पुस्तकातून मान वर केली न्हाई तिनं."

नणंद माझ्याकडे बघायला लागली. हे म्हणाले, "आईचं आता वय झालंय."