दादाच्या कानांतून गेलेला अल्बम

आमचा दादा फ्रिज दुरुस्त करतो. पाना हातात घ्यायच्या आधी तो फ्रिजच्या पाठीला तळहात लावून जरा वेळ उभा राहतो, कॉम्प्रेसर कसा थरथरतोय ते बघतो. बोलणं बेताचं, आवाज खालचा. शेजारीपाजारी त्याला गरीब गाय समजतात. ह्या माणसाला थ्रॅश मेटल आवडतं असं मी सांगते तेव्हा लोकांना पटत नाही, आणि ते म्हणजे भरधाव वेगाचं, कर्कश रॉक असं सांगितल्यावर तर मुळीच पटत नाही.

कॉलेजात असताना मित्राकडून त्यानं चौघा पोरांच्या एका बँडची कॅसेट आणली. कव्हरवर तुटलेला पूल आणि गंजक्या रंगाचं आभाळ. आम्हा बहीणभावांना एकच खोली होती, त्यामुळे त्यानं जे ऐकलं ते मीही ऐकलं. पहिलं गाणं एका साध्या गिटारवर सुरू होतं, कुणीतरी खिडकीत बसून स्वतःपुरतं वाजवत असावं तसं. आपण जरा सैलावतो, आणि मग सगळं एकदम अंगावर येतं. तारा तळहातानं दाबून वाजवलेल्या, म्हणून सूर वाहत नाही, तो तुकडे तुकडे होऊन येतो. खाली ड्रम सुसाट धावतात. तिसऱ्या गाण्यात मात्र हे सगळं भर वेगात थांबतं. श्वासभर काहीच नाही. पुढच्या क्षणी चौघं एकाच ठोक्यावर परत येतात. दादा म्हणायचा, धावता कुणालाही येतं, ह्यांना थांबता येतं. त्या एका शांततेसाठी तो कॅसेट मागे नेऊन नेऊन पुन्हा लावायचा, शेवटी ती तिथेच घासली गेली.

शब्द आम्हाला अर्धेच कळायचे. राग पूर्ण कळायचा. आमचे बाबा घर डोक्यावर घेत आणि आम्ही दोघं जेवणाच्या ताटाकडे बघत बसायचो. ते झालं की दादा खोलीचं दार लोटायचा आणि कॅसेट लावायचा. मला वाटायचं, ही चार पोरं आमच्या वाटचं ओरडून घेतायत.

पुढे दोघांची लग्नं झाली. मी पडद्यांच्या दुकानात कापड बेतायला लागले. दादानं तो अल्बम कधी सोडला नाही. वहिनीला तो सहन व्हायचा नाही, म्हणून हेडफोन लावून ऐकायचा आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचा नाही.

गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात त्याला चक्कर आली. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. हात चालत होते, बोलणं स्वच्छ, माणसं ओळखत होता. वहिनी येईल त्याला हेच सांगायची आणि सांगताना दर वेळी रडायची.

तो घरी आल्यावर मी कौतुकानं त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि अल्बम लावला. तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"दुसरंच काहीतरी लागलंय."

मी कानाला लावून बघितलं. तीच साधी गिटार होती. तसं त्याला सांगितलं.

"छोटे, मला भांडी पडल्यासारखं ऐकू येतंय," तो म्हणाला. "कुणीतरी मांडणीच पाडतंय."

आमची आई ह्या संगीताला हेच म्हणायची आणि आम्ही तिला हसायचो. त्या दिवशी हसू आलं नाही. मी दुसरी गाणी लावून बघितली, साधी, जुनी, आईच्या आवडीची. तीही त्याला भांडीच वाटली.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. बोलणं समजण्याची जागा वेगळी, सूर समजण्याची वेगळी. त्याची दुसरी दुखावली होती. कान ठणठणीत होते. सूर परत येतील का, ह्यावर त्या म्हणाल्या, काहींचे येतात. मग वहिनीकडे वळून म्हणाल्या की एवढ्यावर भागलं, नशीब समजा. वहिनीनं मान हलवली. दादानंही हलवली. जे गेलं त्याला दुखणं म्हणायलासुद्धा कुणी तयार नव्हतं, मग रडायचं कुठल्या तोंडानं?

मी माझ्या परीनं खटपट केली. थोडं थोडं ऐकवलं, हळू आवाजात, रोज एकच तुकडा. तो शहाण्या मुलासारखा ऐकायचा आणि दात आवळायचा. शेवटी मीच बंद केलं. एकदा विचारलं, निदान मनात तरी वाजतं का? तो म्हणाला, "कुठे काय येतं ते सगळं माहीत आहे. पत्ता पाठ आहे गं, घर दिसत नाही."

त्यानं कॅसेट, सीडी, सगळं माझ्याकडे आणून ठेवलं. मी नवरा कामावर गेल्यावर ऐकायचे, आणि उपाशी माणसासमोर जेवायला बसल्यासारखं वाटायचं.

परवाच्या रविवारी दादा आला. चहा झाल्यावर म्हणाला, "तू ऐक. मी बसतो समोर." मी नको म्हटलं. तो ऐकेना. त्याला मोजून बघायचं होतं. ठोके अजून डोक्यात आहेत असं त्याला वाटत होतं. मी तिसरं गाणं लावायचं, बटण दाबलं की तो मोजायला लागणार, आणि जिथे सगळे थांबतात तिथे हात वर करणार.

मी हेडफोन लावून बटण दाबलं. दादा खुर्चीच्या कडेवर बसून दोन बोटांनी गुडघ्यावर ठोके देत होता, डोळे मिटलेले. सुरुवातीला बोटं गाण्याबरोबर होती. मग थोडी मागे पडली, मग आणखी. इकडे गाणं थांबलं, ती शांतता आली, संपली, चौघं परत आले, आणि दादाची बोटं अजून चाललीच होती. कितीतरी नंतर त्यानं हात वर केला आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"बरोबर?"

मी हो म्हटलं.

त्यानं हात तसाच वर ठेवला होता, पुढचा ठोका पडायची वाट बघत.