अर्ध्या चोचीची कोंबडी

नणंदेचं ऑपरेशन झालं म्हणून सासूबाई खर्ड्याला तिच्या घरी राहायला गेल्या आणि त्यांच्या कोंबड्या पहिल्यांदाच माझ्या ताब्यात आल्या. माझं माहेर नगर शहरातलं. आमच्याकडे अंडी दुकानातून यायची. लग्न होऊन राहुरीजवळच्या या वस्तीवर आले, गाईची धार काढायला शिकले, उसाला पाणी द्यायला शिकले, पण कोंबड्यांच्या वाटेला कधी गेले नाही. ते खातं सासूबाईंचं. निघताना एसटीच्या खिडकीतून त्या म्हणाल्या, "बाकीच्यांचं एक वेळ जाऊ दे, ठिपक्यावालीकडं ध्यान दे गं."

ठिपक्यावाली म्हणजे काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली कोंबडी. त्यांच्या पायाशी घुटमळणारी, चुलीपर्यंत येणारी.

आणि नेमकं तिच्याच बाबतीत झालं. दुपारी मी कपडे वाळत घालत होते. उसातून मुंगूस आलं आणि एकच कालवा उठला. कोंबड्या वाट फुटेल तिकडे उधळल्या. मी काठी घेऊन धावले तेव्हा मुंगूस पळालं होतं, पण ठिपक्यावाली भाजीच्या वाफ्याभोवतीच्या तारेच्या जाळीत अडकली होती. डोकं आरपार गेलेलं, आणि मागे यायला ती जिवाच्या आकांतानं हिसके देत होती. मी पोहोचेपर्यंत तिनं स्वतःला सोडवलं. वरच्या चोचीचा पुढचा निम्मा भाग मात्र जाळीतच राहिला.

मी तिला पदरात गुंडाळलं. रक्त येत होतं. हळद दाबून धरली. तिचं काळीज माझ्या तळहाताखाली इतकं जोरात धडधडत होतं, की मला वाटलं ही माझ्या हातातच जाते आता.

संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला. त्यानं कोंबडीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आईला इतक्यात सांगू नको. आणि हिला असं उपाशी मारण्यापेक्षा..." पुढचं त्यानं बोलून दाखवलं नाही, मला कळलं.

मला राहवेना. मी सासूबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. मग त्यांनी विचारलं, "रक्त थांबलं का?"

"थांबलं, आत्या."

"मग खायाचं बघ तिच्या."

एवढंच. रागावल्या नाहीत. मला त्यांचं ते वाक्य हुकमासारखं वाटलं, आणि धीरासारखंही.

दुसऱ्या दिवशी तिला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध दिलं. म्हणाले, "मुळापासून तुटलेली नाही. थोडीफार वाढेल. पण वेळ लागेल. तोपर्यंत हिच्या पोटात काही गेलं पाहिजे, ते तुम्हाला जमतंय का बघा."

ते जमवणं किती अवघड, हे घरी आल्यावर समजलं. मी बाजरी टाकली की ती इतरांसारखीच धावत यायची, टकाटका चोच मारायची, पण दाणा काही उचलला जायचा नाही. दाणा धरायला वरची चोच हवी ना! खालची चोच नुसती चमच्यासारखी पुढे आलेली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोंबडी मजेत खातेय. तिच्या छातीवरून हात फिरवला तेव्हा मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं.

मग मी तिला मांडीवर घेऊन भरवायला लागले. भाकरीचा कुस्करा ताकात भिजवून बोटानं चोचीत द्यायचे. ती मान झटकायची आणि ते सगळं माझ्या साडीवर. औषधाच्या सिरिंजनं पेज दिली, तर तिला ठसका लागला आणि मी घाबरून सोडून दिलं. थोडं पोटात जायचं, पण दोघींचेही हाल व्हायचे. मला बघितलं की ती लपायला लागली.

एकदा गाईसाठी पेंड आणि भरडा घमेल्यात भिजवून ठेवला होता. चारा घेऊन परत येते तर ठिपक्यावाली घमेल्याच्या काठावर उभी. तिनं डोळ्यांपर्यंत तोंड त्या ओल्या भरड्यात खुपसलं, वर काढलं, मान उंच केली आणि गिळलं. परत खुपसलं. मी तिथेच उभी राहिले. हातातला चारा खाली ठेवायचंही सुचलं नाही.

सपाट जमिनीवरचा दाणा तिला उचलता येत नव्हता, पण खोल भांड्यात, जाड थर असला, की खालच्या चोचीनं ती उपसू शकत होती! मी फडताळातून एक जुनं, खोलगट पातेलं काढलं. बाजरीचा भरडा, थोडी पेंड, कधी उकडलेला बटाटा. सैल झालं की ती मान झटकून सगळं उडवायची, घट्ट झालं की चोचीत चिकटून बसायचं. थालीपिठाच्या पिठापेक्षा जरा सैल भिजवलेलं बरोबर बसलं.

आता इतर कोंबड्यांना त्या पातेल्याचा शोध लागला. त्या भराभर खायच्या आणि हिला ढकलून द्यायच्या. म्हणून खायच्या वेळी मी तिला पातेल्यासकट मोठ्या बांबूच्या डालग्याखाली झाकायचे. बाकीच्या बाहेरून डालग्याला टोचे मारायच्या आणि आत ही निवांत. जेवण झालं की तिच्या गळ्याखालची पिशवी फुगलेली हाताला लागायची. ते मऊ फुगीर गाठोडं चाचपताना मला होणारा आनंद कुणाला सांगितला असता तर हसले असते लोक. नवरा हसायचाच. पण सकाळी कामाला निघण्याआधी भरडा भिजवून ठेवायला तोच लागला होता.

सासूबाई परत आल्या तेव्हा तिची पिसं पुन्हा चकाकायला लागली होती आणि चोचीचं टोक जरा वाकडं का होईना, पुढे आलं होतं. पिशवी ओट्यावर ठेवून त्यांनी आधी तिलाच उचललं. छाती चाचपली, चोच उघडून पाहिली.

"मी असते ना," त्या म्हणाल्या, "तर त्याच दिवशी कापली असती."

मी म्हटलं, "आत्या, तुम्हीच तर म्हणालात, खायाचं बघ म्हणून!"

"मग काय म्हननार? फोनवर तुझा आवाज रडका हुता. वाटलं, दोन दिस करंल आन् सोडून देईल." त्यांनी कोंबडीला खाली सोडलं. "लई चिवट निघाली."

"व्हय, चिवटच हाय ती," मी त्यांच्यासारखंच बोलून गेले.

"तिला न्हाई म्हनत मी," त्या म्हणाल्या आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेल्या.

कोंबड्यांचं खातं त्यांनी परत घेतलं, पण ठिपक्यावाली माझ्याकडेच राहिली. तिची खालची चोच घासली जात नाही, त्यामुळे वाढत राहते. मग एखाद्या सकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसतो. सासूबाई तिला काखेत धरतात आणि मी नखं घासायच्या कानशीनं चोचीचं टोक हळूहळू घासते. मध्यंतरी ती अंड्यांवर बसली होती. पिल्लं निघाली, आणि काही दिवसांनी एक पिल्लू थेट त्या पातेल्यातच उतरलं. पोटापर्यंत भरड्यात बुडालेलं. ठिपक्यावाली काठावरून ओरडत होती. सासूबाईंनी त्याला चिमटीत धरून बाहेर काढलं, कोमट पाण्यात धुतलं आणि पदरात गुंडाळून उन्हात बसल्या. मी चहा टाकायला आत गेले.